आधी कीर्द

मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना
अकरा सोळाला वीज गेली.
यूपीएसची बॅटरी मार्चपासून मेलेली,
नवी घ्या म्हणून मी तीनदा सांगून झालेलं.
सांगरूळच्या बेचाळीस रव्यांचे पैसे
एका खात्यातून निघाले होते,
दुसऱ्यात पोचायचे होते.

संध्याकाळी राजारामपुरीतून मी पेढीवर गेले
तेव्हा वीज आलेली
आणि जुनं यंत्र स्वतःलाच तपासत बसलेलं.
कोसळलं तेव्हा हात कुठं होता, हे त्याला ठाऊक नाही
म्हणून ते सगळीकडे शोधतं.
कप्पान् कप्पा उघडतं,
एकाच खोलीवर दोघांनी हक्क सांगितलाय का,
कुणाच्याच नावावर नसलेली जागा अडून पडलीय का.
सात वाजता चार टक्के.
नऊ वाजता अकरा.

तवनाप्पा दिवाणजी घरी गेले नाहीत.
दिवस मावळायच्या आत डबा खाऊन
गादीवर टेकून बसलेले.
"काय हुडकतंय एवढं?"
"कुठं थांबलो होतो, ते."
त्यांना हसू आलं. फडताळातून लाल वही काढली.

"ही कीर्द. खात्याला हात लावायच्या आधी हितं लिवायचं,
अमक्याचं तमक्याला जाणार हाय.
मग खतवायचं. मग हितं खूण.
एकोणनव्वदला खतावणीवर शाईची दौत पालथी झाली.
म्या काय सगळी वही चाळली न्हाई.
शेवटची खूण बगितली
आणि तिच्या फुडच्या चार ओळी."

सहा वर्षं मी दुकानदारांना
पाठकोऱ्या बिलावर चौकोन आणि बाण काढून
हेच समजावत होते.

"नव्या यंत्रात असंच असतं," मी म्हटलं,
"आधी कीर्द. उठल्यावर तेवढीच वाचतं,
आठ-दहा सेकंदांत.
नोंद पुरी असेल तर पुन्हा खतवतं,
अर्धी असेल तर सोडून देतं."
"दोनदा लिवायचं म्हंजे हळू चालत आसंल."
"हो. म्हणून बरेच जण मांडणीचीच कीर्द ठेवतात,
मजकुराची नाही.
घर कुठं आहे, किती खणांचं, ते पक्कं.
आत कोण होतं, त्याची हमी नाही."

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
पंख्याचा आवाज, डिस्कची करकर,
गोदामातल्या गुळाचा ओलसर वास.
सदतीस टक्के.

पहाटे साडेचारला तपासणी संपली.
बेचाळीस रव्यांचे पैसे कुठंच नव्हते.
ते आम्ही लाल वहीवरून भरले.
हरवलं-सापडलंच्या कप्प्यात एकवीस तुकडे,
नावं गेलेली, कपाळावर नुसते आकडे.
बरेचसे वजनाच्या पावत्या. एक कोरा.
आणि चाळीस हजार दोनशे तेरा:

मा. पारिसशेठ यांस,
सप्रेम जयजिनेंद्र.
चौतीस वर्षं आपल्या पेढीवर मान मिळाला.
येत्या एक तारखेपासून मी

एवढंच.

त्यांच्याकडे न बघता मी विचारलं,
"याला काय नाव देऊ?"
त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.
"फुडं खूण हाय?"
"नाही."
"मग सोड की."

निघताना त्यांनी आधी लिहिलं:
मेहरुन मुजावर, यंत्रदुरुस्ती, साडेसातशे.
मग नोटा दोनदा मोजून माझ्या हातात दिल्या.
बाहेर कागल, पन्हाळ्याकडच्या गाड्या लागत होत्या.
फाटकापाशी आठवलं, स्क्रूड्रायव्हर वरच राहिला.

परत गेले तर दिवाणजी तसेच,
पेनाचं टोपण दातात,
वही उघडी.
माझ्या नावापुढं अजून खूण नव्हती.